दहा पैशांची मराठी

आमच्या विदर्भात 'कॉन्व्हेंट' या शब्दाची एक गंमत आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला कॉन्व्हेंट म्हटलं की सिस्टर, चर्च, घंटा असलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. आमच्याकडे इंग्रजी माध्यमाची कुठलीही बालवाडी म्हणजे कॉन्व्हेंट! संस्थाचालक पाटील असोत की देशमुख, शाळेला नाव एखाद्या महाराजांचं असो की देवीचं, पुढे 'कॉन्व्हेंट' हे लागणारच. मलकापुरात तर आता दर दोन गल्ल्यांआड एक पाटी दिसते. "आमचा नातू कॉन्व्हेंटले जातो," असं आज्या कौतुकानं सांगतात. तिथे सिस्टर औषधालाही नसते.

मी मात्र खऱ्याखुऱ्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सिस्टरांच्या, फक्त मुलींच्या, आणि कडक म्हणजे अगदी कडक. १९७८ च्या जूनमध्ये पाचवीत गेले आणि १९८४ च्या मार्चमध्ये दहावीची परीक्षा देऊन बाहेर पडले. सहा वर्षं हॉस्टेलवर. भाचरं नेहमी विचारतात, "मावशी, तू मलकापूरची असून इतकं इंग्रजी कसं काय गं?" त्यांना दर वेळी तुकड्या-तुकड्यांत सांगत आले. आज एकदा सगळं सलग लिहून टाकते. शाळेचं आणि शहराचं नाव लिहिणार नाही. नागपूरच्या दिशेला, अकोल्याच्याही पुढे, एवढं पुरे.

आता मलकापूरच्या जिनिंग-प्रेसिंगमधल्या एका कारकुनानं आपली मुलगी तिकडे का धाडली? तर त्याला कारण बाबांचं इंग्रजी. बाबा मॅट्रिक होते, हिशेबाला पक्के. पण मुंबईहून व्यापारी आले आणि इंग्रजीत बोलायला लागले की बाबा नुसते "येस सर" म्हणून उभे राहायचे. एकदा त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान माणसाला केवळ इंग्रजीपायी वरची जागा मिळाली. त्या रात्री बाबा जेवले नाहीत, असं आई सांगायची. मग कुणीतरी या शाळेचं नाव सुचवलं. आईची बोरमाळ सोनाराकडे गेली आणि माझी ट्रंक आली. आजी शेवटपर्यंत म्हणत होती, "पोरीले एवढ्या दूर काहून ठेवता? मलकापुरात काय शाळा नाई?"

पॅसेंजरला कोळशाचं इंजिन होतं. नांदुरा, जलंब, शेगाव. शेगाव आलं की डब्यातल्या सगळ्यांचे हात आपोआप जोडले जायचे. आजीनं दिलेली अंगाऱ्याची पुडी मी मुठीत धरली होती. हॉस्टेलवर पोचल्यावर कपड्यांवर लाल दोऱ्यानं नंबर शिवायला सांगितलं. माझा नंबर ४७. पुढची सहा वर्षं टॉवेलवर, चादरीवर, ताटावर, सगळीकडे मी सत्तेचाळीस होते.

कडक म्हणजे किती, ते सांगते. पहाटे साडेपाचला घंटा. दोन वेण्या, काळ्या रिबिनी, रिबिनीचं फूल कानाच्या वर आलं तर सोडून परत बांधायची. फ्रॉकची लांबी बघायची तर जमिनीवर गुडघे टेकवून उभं राहायचं, कापड जमिनीला लागलं पाहिजे. शनिवारी पांढरे कॅनव्हासचे बूट, त्यांना शुक्रवारी रात्री पांढरं पॉलिश. रांगेत बोलायचं नाही, जिन्यावर बोलायचं नाही, रात्री नऊच्या घंटेनंतर तर अजिबातच नाही. दुपारी बाराला चर्चची घंटा झाली की जिथे असू तिथे पुतळ्यासारखं थांबायचं. ख्रिश्चन मुली धर्माच्या तासाला गेल्या की आम्हा उरलेल्यांना 'मॉरल सायन्स'. (त्यात मुख्यतः खोटं बोलू नये आणि वेळ वाया घालवू नये एवढंच असायचं. तेवढं तर आजीही सांगायची, फुकटात!) धर्म बदलायचं कुणी कधी चुकूनही सुचवलं नाही, हेही सांगून टाकते, कारण हा प्रश्न मला लग्नाच्या वेळी तीन स्थळांनी विचारला होता.

पण या सगळ्याची सवय होते हो. पहाटे उठायची होते, रांगेची होते, बिनतिखटाच्या भाजीचीसुद्धा होते. सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची. मराठी बोलायचं नाही.

जेवणघराच्या दाराशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवलेला असायचा, झाकणाला फट पाडलेली. मराठी किंवा हिंदी बोलताना सापडलं की दहा पैसे त्यात. घरून महिन्याला पाच रुपये यायचे, तेही सिस्टरांकडे जमा असायचे, त्यातूनच वजा. पहिल्या महिन्यात माझे दोन रुपये साठ पैसे गेले. दुसऱ्या महिन्यात वीसच पैसे. इंग्रजी आलं म्हणून नव्हे, बोलणंच बंद झालं म्हणून. त्यात माझी मराठी म्हणजे वऱ्हाडी. शहरातल्या मुली "मले, तुले" ऐकून हसायच्या. म्हणजे सिस्टरांच्या लेखी मी चुकीच्या भाषेत बोलत होते, आणि मुलींच्या लेखी त्या चुकीच्या भाषेतही चुकीचंच बोलत होते. दहा वर्षांच्या मुलीनं मग जायचं कुठे?

डब्यातले पैसे वर्षाअखेर मोजले जायचे आणि मिशनच्याच खेड्यातल्या एका शाळेत वह्या वाटायला जायचे. ती शाळा मराठी माध्यमाची होती! आमच्या दंडावर तिकडची मुलं मराठी शुद्धलेखन गिरवत होती. तेव्हा हे लक्षात आलं नाही, आज हसू येतं.

मराठी बोलायची परवानगी दिवसातून चाळीस मिनिटं, मराठीच्या तासाला. आमच्या मराठीच्या बाई सिस्टर नव्हत्या, गावातल्याच होत्या, संसारी. तास संपल्याची घंटा झाली तरी वाक्य पूर्ण केल्याशिवाय पुस्तक मिटायच्या नाहीत. आठवीत त्यांनी आम्हाला फादर स्टीफन्सबद्दल सांगितलं. हा माणूस जन्मानं इंग्रज, जेझुइट पंथाचा धर्मगुरू. १५७९ साली गोव्यात आला आणि इथली भाषा अशी शिकला की त्यानं चक्क मराठीत, ओवीछंदात 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. सुमारे अकरा हजार ओव्या! १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला ते रोमन लिपीत छापलं गेलं. म्हणजे तुकाराम महाराज तेव्हा लहान मूल होते. त्या पुराणात मराठीची थोरवी सांगणाऱ्या ओव्या आहेत, त्या बाईंनी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. मग थोडं थांबून, दाराकडे एकदा बघून म्हणाल्या, "तर मुलींनो, चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज फादरनं मराठीत देवाची गोष्ट सांगितली. आणि तुम्ही मराठीत मीठ मागितलंत तर दहा पैसे." सगळा वर्ग हसला. मी नाही हसले. मला वाटलं, म्हणजे चूक माझ्या भाषेत नाहीये तर.

दुसरी गोष्ट मी स्वतःच पाहिली. हॉस्टेलची मागची खिडकी चर्चच्या अंगणात उघडायची. रविवारी सकाळी लवकरची प्रार्थना मराठीत असायची. स्वयंपाकघरातल्या बायका, माळी, आसपासच्या खेड्यांतून बैलगाडीनं आलेली माणसं, लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या, सगळे मराठीत गात. पेटी, टाळ, अगदी आपल्या भजनासारखं. पुढे केव्हातरी वाचलं की १९६२ ते १९६५ या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि तिच्यानंतर जगभर चर्चमधली लॅटिनमधली उपासना लोकांच्या भाषेत होऊ लागली. म्हणजे आमच्या आवारात देवाशी मराठीत बोलायला पोपची परवानगी होती. नंबर सत्तेचाळीसला शेजारच्या नंबर अठ्ठेचाळीसशी बोलायला तेवढी नव्हती.

असं का, याचा मी बरीच वर्षं विचार करत आले. आता वाटतं, त्याचं कारण धर्मात नाही, इतिहासात आहे. आमच्या नागपूर-वऱ्हाडकडे आलेले कॅथलिक मिशनरी मूळचे ॲनसीचे. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे. १८४६ साली ते विशाखापट्टणमच्या बाजूला उतरले, १८४९ साली त्याच गावच्या सेंट जोसेफच्या सिस्टर्स आल्या. १८८७ मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला, १९५५ मध्ये त्यातून अमरावतीचा निघाला, आपला बुलढाणा जिल्हा त्यातच येतो. या मंडळींच्या जुन्या शाळांना आधार होता तो छावण्यांमधल्या गोऱ्या शिपायांच्या आणि रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन नोकरांच्या मुलांचा. त्यांची घरची भाषाच इंग्रजी. साहेब गेले, रेल्वेचे ड्रायव्हर-गार्ड गेले, त्यांच्या बाकांवर आम्ही येऊन बसलो. पण नियम तेच राहिले. आणि खरं सांगायचं तर ते राहावेत असं आमच्याच आई-बापांना वाटत होतं. बोरमाळ काही मराठी शिकवायला विकली नव्हती.

आता पत्रांचं सांगते. ते सगळ्यात महत्त्वाचं.

दर रविवारी जेवणानंतर घरी पत्र लिहायचं. इनलँड लेटर, आणि इंग्रजीत. लिहून झालं की न चिकटवता हॉस्टेलच्या सिस्टरांच्या टेबलावर ठेवायचं. त्या वाचायच्या, स्पेलिंग लाल शाईनं सुधारायच्या आणि मग पोस्टात जायचं. माझी आई सातवी शिकलेली, मराठी. अक्षर मोत्यासारखं, पण इंग्रजी एबीसीडीच्या पलीकडे नाही. माझं पत्र बाबा वाचायचे आणि तिला सांगायचे, "बरी आहे म्हणते." एवढंच! पानभर पत्राचं एवढंसं भाषांतर बघून आईला संशय यायचा. मग दुपारी बाबा प्रेसमध्ये गेले की ती पत्र पदरात लपवून शेजारच्या मास्तरांच्या मुलीकडे जायची आणि पुन्हा वाचून घ्यायची. ती मुलगी सगळं सांगायची. पण त्यात सांगण्यासारखं असायचंच किती? सिस्टर वाचणार हे माहीत असल्यावर दुसरं काय लिहिणार? मी बरी आहे, अभ्यास चांगला चालला आहे, जेवण चांगलं असतं, सर्वांना नमस्कार. दुसऱ्या वर्षी मला गोवर झाला, बारा दिवस आजाऱ्यांच्या खोलीत एकटी होते. त्या रविवारच्या पत्रातही मी बरीच आहे.

आईची उत्तरं मराठीत यायची. ती मला वाचायची मुभा होती. तुळशीला बहर आला, म्हशीला पारडी झाली, आजीचे गुडघे. शेवटी नेहमी एकच ओळ: 'खरं खरं लिहीत जा.' आता ते इंग्रजीत कसं लिहायचं? मला येत नव्हतं असं नाही, सहावीपासून चांगलं येत होतं. पण आईला सांगायच्या गोष्टी त्या भाषेत तयारच व्हायच्या नाहीत.

हॉस्टेलच्या सिस्टर केरळच्या होत्या. उंच, सावळ्या, पांढराशुभ्र झगा, खिशात किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्यांचा आवाज आला की आमची पोटं आवळायची. त्यांना हसताना मी सहा वर्षांत चार-पाच वेळाच पाहिलं असेल. डब्यात पडणाऱ्या प्रत्येक दहा पैशांची नोंद त्यांच्या वहीत असायची.

१९८४ चा मे महिना. माझी परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता आणि घरात एक स्थळ आलं होतं. जामनेरकडचं, बागाईत, मुलगा पदवीधर. आजीला घाई होती, बाबांचंही मन झालं होतं. "मॅट्रिक झाली, इंग्रजी आलं, आता अजून काय?" बाबांना माझं इंग्रजी हवं होतं, पण ते कशासाठी हवं होतं हे बहुधा त्यांचं त्यांनाच ठरवता आलं नव्हतं. मी एका मैत्रिणीला पत्र लिहिलं, तिनं ते सिस्टरांना दाखवलं असावं. कारण एक दिवस भर उन्हात दारात टांगा थांबला आणि त्यातून दोन सिस्टर उतरल्या. एक तरुण, नवी. आणि दुसऱ्या आमच्या, किल्ल्यांवाल्या.

सगळी गल्ली गोळा झाली. आजीनं घाईघाईनं देवघराचं दार ओढून घेतलं. आईनं सतरंजी अंथरली, गुळाचा खडा आणि पाणी आणलं. सिस्टर खाली मांडी घालून बसल्या, पाणी प्यायल्या आणि बोलायला लागल्या. मराठीत! मी चौकटीला धरून उभी होते, तिथेच थिजले. सहा वर्षांत त्यांच्या तोंडून मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता. त्यांची मराठी थेट पाठ्यपुस्तकातली होती. "मी आपणांस विनंती करण्यास आले आहे. आपली कन्या हुशार आहे. तिला पुढे शिकू द्यावे." उच्चार सगळे मल्याळी, पण व्याकरण एकदम शुद्ध. नंतर कळलं, आमच्या मराठीच्या बाईंकडे त्या कित्येक वर्षं रोज रात्री पाचवी ते दहावीची पुस्तकं शिकत होत्या.

बाबा हो-ना करत होते. स्थळ चांगलं आहे, पुन्हा मिळणार नाही, वगैरे. तेवढ्यात आई मधेच बोलली. परक्या माणसांसमोर आई सहसा बोलत नसे. म्हणाली, "सिस्टर, हिचं प्रत्येक पत्र तुम्ही वाचलं. मला वाचता येत नव्हतं, तुम्हाला येत होतं. मला एवढंच सांगा, ही तिथे खरंच सुखात होती का?"

सिस्टर गप्प बसल्या. किल्ल्या मुठीत धरल्या होत्या. मला वाटलं आता 'होय' म्हणतील, संपलं. त्या म्हणाल्या, "पहिली दोन वर्षे नव्हती. रात्री रडत असे. मला ठाऊक होते. नंतर होती." मग थोड्या वेळानं, "तिला गोवर आला तेव्हा मी पत्रात लिहू दिले नाही. आपण घाबराल असे वाटले. मी रात्री तिच्याजवळ बसत असे. तिला माहीत नाही."

मला खरंच माहीत नव्हतं. तापात कुणीतरी कपाळावर पट्ट्या ठेवत होतं एवढं आठवत होतं, ती स्वयंपाकघरातली मावशी असावी असं मी धरून चालले होते.

आईनं पदरानं डोळे पुसले. बाबांकडे न बघता म्हणाली, "शिकू द्या तिला." आई असं ठरवून टाकल्यासारखं बोलली की आमच्या घरात पुढे चर्चा होत नसे. स्थळाला नकार गेला. निकाल लागला, मी जळगावला कॉलेजात गेले, पुढे बँकेत लागले. त्या टांग्यानं माझं आयुष्य वळवलं, यात अतिशयोक्ती काही नाही. माझ्या बरोबरीच्या गल्लीतल्या मुली तोवर लेकुरवाळ्या झाल्या होत्या.

मग या बाईंचा राग करायचा, की पाया पडायचं? कुणी विचारलं तर मला आजही एका शब्दात उत्तर देता येत नाही. दहा पैशांचा डबा चुकीचाच होता. पोरक्यासारखं वाटणं म्हणजे शिस्त नव्हे, आणि मुलांची पत्रं वाचू नयेत. टांग्यातून येऊन मराठीत बोलणाऱ्या सिस्टर खऱ्या आहेत म्हणून डबा बरोबर ठरत नाही, आणि डबा होता म्हणून तो टांगाही खोटा ठरत नाही. दोन्ही एकाच बाईनं केलं. एवढं मात्र कळलं, की ज्या दिवशी खरोखर महत्त्वाचं काही सांगायचं होतं, त्या दिवशी त्यांनी इंग्रजी दाराबाहेर ठेवलं.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वं मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, वसईचे, कॅथलिक धर्मगुरू, अख्खं बायबल सुबोध मराठीत आणणारे. निवडीवरून काहींनी आरडाओरडा केला तेव्हा मला आमच्या मराठीच्या बाई आठवल्या. फादर स्टीफन्सची गादी चालूच आहे की, असं त्या म्हणाल्या असत्या. दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठी सगळ्या शाळांत सक्तीची करणारा कायदाही २०२० चा. म्हणजे कागदोपत्री आता सगळं उत्तम आहे.

पण गेल्या वेळी मलकापूरला गेले तर शेजारच्या 'कॉन्व्हेंट'मधला एक पाच वर्षांचा मुलगा ओट्यावर पडला, गुडघा फुटला. रडत रडत आईला सांगायला लागला, "मम्मी, माह्या गुडघ्याले..." आणि ती म्हणाली, "नो नो बेटा, इन इंग्लिश! नी, से नी!" पोरगं रडायचं थांबलं आणि शब्द शोधायला लागलं. तिथे सिस्टर नव्हती, डबा नव्हता, वहीत नोंद करणारं कुणी नव्हतं. त्या माऊलीला बाबांसारखंच मुलाचं भलं हवं होतं, हे मला दिसत होतं. इंग्रजी शिकवाच हो. मला त्यानं पोटाला दिलं, नाही कसं म्हणू? फक्त गुडघा फुटल्यावर तरी त्याला आधी रडू द्या, त्याला येतं त्या भाषेत.

मी काही बोलले नाही. त्याच्या गुडघ्याला हळद लावली आणि विचारलं, "काहून रे, लई लागलं का?" मान हलवून म्हणाला, "हो."